बिगिनर बॅचला घाई कसली

कोल्हापुरात पोराला कुठल्या खेळाला घालायचं हा विषय घरात निघाला की प्रत्येकाच्या तोंडात एकेक उत्तर तयार असतं. पेठेतलं घर असेल तर फुटबॉल, त्यावर चर्चाच नाही, पाटाकडील का खंडोबा, कुठल्या तालमीची टीम एवढंच काय ते विचारायचं. गावाकडचं असेल तर कुस्ती. पोहायचं म्हटलं की वीरधवल खाडे, आणि २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसवरून ब्राँझ आणलं तेव्हापासून रायफल. स्केटिंग म्हटलं की मात्र सगळे जरा हसतात. "हां, घाला की सुट्टीत, तेवढाच टाइमपास." आमच्या घरी पण हेच. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तरुणपणी तालमीत घाम गाळलेले, एक कान मोडलेला, ते म्हणाले "चाकं लावून पळायचं म्हणजे ताकद चाकाची का पोराची?" आणि तरी आठवड्याभरात नातीला संध्याकाळी रिंकवर सोडायला तेच यायला लागले, कारण रिंकशेजारी कट्टा आहे आणि कट्ट्यावर त्यांच्या वयाचे दोघंतिघं रोज बसतात.

मला लिहायचंय ते लेकीच्या या स्केटिंग क्लबच्या बिगिनर बॅचबद्दल, म्हणजे नवशिक्या पोरांच्या बॅचबद्दल, आणि त्यातही पहिल्या दोन-तीन महिन्यांबद्दल, ज्यात पोरगं दाखवण्यासारखं काहीच करत नाही. रील काढावी, स्टेटसला ठेवावं असं काही घडत नाही. मेडल घेतलेल्या पोरांचे फोटो पेपरात येतातच, त्यांच्याबद्दल लिहिणारे आहेत. पण हे सुरुवातीचे महिने कसेतरी उरकून टाकायची जी घाई मी रेलिंगबाहेर उभं राहून बघते ना, तिच्याबद्दल मला बोलायचंय, कारण मला तरी वाटतं की अख्ख्या स्केटिंगमध्ये बघण्यासारखं जे आहे ते त्याच महिन्यांत आहे.

क्लब म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. गुळगुळीत कोबा केलेला लांबट गोल रिंक, दोन बाजूंना पाइपचं रेलिंग, चार हॅलोजन, त्यातला एक कायम लुकलुकणारा, आणि पत्र्याच्या शेडमध्ये एक लोखंडी कपाट. कपाटात क्लबचे जुने क्वाड ठेवलेत, क्वाड म्हणजे पुढं दोन आणि मागं दोन चाकं असलेले साधे स्केट, नव्या पोरांना घालायला, टाचेवर मार्करनं साइज लिहिलेली. बाहेरच्या लेनमधून रेसची मोठी पोरं सुर्र करून जातात, सगळी डाव्या हाताला वळत, आणि मधल्या मोकळ्या जागेत आमची बारकी मंडळी.

या मंडळींचं चाक सुरुवातीला फिरतच नाही. कडेला थोडी हिरवळ आहे तिथं स्केट घालून नुसतं चालायचं, गवतात चाक अडतं त्यामुळं पाय सटकत नाही आणि पायात हे एवढं जड काहीतरी आहे याची सवय होते. हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटं, मागं सरकलेलं चालत नाही, हनुवटीखालचा पट्टा टाइट. गुडघ्याला पॅड, कोपराला पॅड, मनगटाला गार्ड. आमच्या लेकीचं गुडघ्याचं पॅड नवीन असतानाच खाली घसरायला लागलं, त्याचं वेल्क्रो काही धड धरत नाही, ती चालता चालता वाकून ते वर ओढते आणि ओढताना पडते. बाहेर पालकांची कुजबुज सुरू. फी भरून गवतात चालायला शिकवायलेत होय. एक जण तर सरळ म्हणाले, "आमचा घरी हॉलमध्ये चालवतोय की सर, त्याला डायरेक्ट रिंकवर घ्या." सर हसले आणि त्या पोराला म्हणाले, "ये, थांबून दाखव." पोरगं आलं ते थेट रेलिंगवरच आदळून थांबलं. सर काही बोलले नाहीत, ते गृहस्थ पण नाहीत.

मग पडायचं शिकवतात. मुद्दाम पडायचं. पुढं, गुडघ्याच्या पॅडवर, मग कोपर, आणि बोटं जमिनीला टेकवायची नाहीत, मनगटाच्या गार्डचा कडक भाग टेकतो. पडल्यावर मूठ झाकायची, कारण मागून येणाऱ्याचं चाक बोटावरून जातं. मागं पडायला मात्र मनाई, मागं पडलं की माकडहाडावर. उठायचं पण ठरलेलं आहे, आधी दोन्ही गुडघ्यांवर, मग एक पाय पुढं, त्याच्या गुडघ्यावर दोन्ही हात आणि वर. पोरांना हा सगळ्यात आवडता भाग, शिट्टी वाजली की धपाधप सगळी पडतात आणि हसत सुटतात. मोठी माणसं शिकायला आली की इथंच अडकतात असं सर सांगतात, कारण मोठं माणूस घाबरलं की ताठ होतं आणि ताठ झालं की वजन टाचेवर जातं, म्हणजे जे टाळायचंय तेच होतं. म्हणून दिवसभर त्यांचं एकच ओरडणं चालू असतं, "नाक, गुडघा, अंगठा!" म्हणजे गुडघा इतका वाकव की नाक, गुडघा आणि पायाचा अंगठा एका रेषेत आले पाहिजेत. आमची लेक आता घरी बेसिनपाशी दात घासताना पण तशीच उभी राहते.

पण मला खरं बघत राहावंसं वाटलं ते पुढचं. पोराला कोब्यावर आणलं की ते काय करतं? चालतं. त्याला तेच येतं. आणि चालायला गेलं की पडतं, अगदी हमखास. कारण चालताना आपण मागचा पाय जमिनीला मागं रेटतो, जमीन धरून ठेवते आणि आपण पुढं जातो. चाक जमिनीला धरत नाही. मागं रेटलं की पाय एकटाच मागं निघून जातो आणि बाकीचं पोर तोंडावर. चाक ज्या दिशेला फिरतं त्या दिशेला जोर लावून उपयोग नाही, जोर बाजूला लावायचा, पाय थोडा बाहेर वळवून तिरका रेटायचा, तेव्हा चाक अडतं आणि माणूस पुढं सरकतं. आता हे सहा वर्षांच्या पोराला सांगून कळणार आहे का? सर सांगतच नाहीत. ते टाचा जोडून, चवडे बाहेर अशी उभी करतात आणि जागच्या जागी पाय उचलायला लावतात, बदकासारखी चाल. डावा, उजवा, डावा, उजवा. दहाबारा वेळा काही होत नाही आणि मग कधीतरी एक पोरगं पाय उचलून टेकवतं आणि एक वीतभर आपोआप पुढं जातं. ढकललं कुणी नाही, ओढलं कुणी नाही. तेव्हा त्या पोराचा चेहरा बघायचा. आधी घाबरतं, मग मागं वळून बघतं की कुणी ढकललं का.

आमच्या लेकीचं ते झालं तेव्हा ती गाडीवर बसल्यापासून बोलत होती. "मम्मी, मी आज चाललोच नाही, मी गेलो." आमच्याकडं पोरी असंच बोलतात, मी आलो मी गेलो, पुण्याच्या पाहुण्यांना दर वेळी नवल वाटतं.

त्यानंतर लिंबू. दोन्ही पाय बाहेर पसरायचे आणि परत आत घ्यायचे, जमिनीवर चाकानं लिंबाचा आकार निघतो, सर लेमन म्हणतात पोरं लिंबू म्हणतात, यात पाय उचलावाच लागत नाही आणि तरी पुढं जाता येतं. मग एका पायावर स्कूटर. मग थांबणं, टाचा बाहेर ढकलून दोन्ही चवडे आत, नाहीतर मागचा पाय पुढच्याला आडवा लावून टी. क्वाडला पुढं रबराचा गोळा असतो तो ब्रेकच आहे, पण तो पहिल्यांदा शिकवत नाहीत कारण पोरं चालू स्पीडमध्ये तो पुढच्या पुढं टेकवतात आणि उलटून पडतात, तो मागच्या पायाचा हळूच घासत आणायचा असतो. हे सगळं जमलं की मग कोन मांडून नागमोडी, आणि सगळ्यात शेवटी क्रॉसओव्हर, म्हणजे डावीकडं वळताना उजवा पाय उचलून डाव्याच्या पुढं टाकायचा. दोन-तीन महिने कमीच पडतात याला.

आणि या सगळ्यात पालकांना आत यायला बंदी आहे, त्यावरून रोज काही ना काही होतं. ऑफिसमधून थेट आलेले एक बाबा, इन केलेला शर्ट, पॉलिशचे बूट, पोरीचे दोन्ही हात वरून धरून कमरेत वाकून तिच्याबरोबर पळत होते. सर म्हणाले, साहेब बाहेर. "आवो सर, जरा धरू दे की, पडंल ती." "पडू दे की." मग सरांनी नीट सांगितलं, की तुम्ही वरून हात धरला की ती उभी ताठ होते, तिचं वजन तुमच्या हातावर येतं, पाय नुसतेच खाली लोंबतात, आणि तुम्ही सोडलं की तिला तिचं वजन कुठाय तेच माहीत नसतं. पटलं असावं, कारण ते बाहेर आले, पण रेलिंगवरून अर्धे आत झुकून "वाक, वाक, अजून वाक" सुरूच. सरांना मदत करणारी एक कॉलेजातली दीदी आहे, ती याच रिंकवर शिकली, तिनं त्यांना चहा आणून दिला. तेवढा वेळ शांतता.

आबांचं मत बदललं ते या बदकचालीनं. कट्ट्यावरून उठून रेलिंगपाशी आले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "अगं ही तर बैठकच हाय की." मग गाडी तालमीवर गेली. त्यांच्या वेळी नवं पोर आलं की वस्ताद त्याच्या हातात फावडं द्यायचे. हौद्यातली तांबडी माती उकरायची, परत सारखी करायची, मग जोर, मग बैठका, आणि मोठी पोरं लढायला लागली की कडेला बसून बघायचं. महिनेच्या महिने. जोड लावायचं नावच नाही. "आणि तुमचे वडील बघायला यायचे का हो आबा?" मी विचारलं. "कशाला येतील? त्यांना गुरं न्हवती का?" मला ते उत्तर फार आवडलं. आमच्या बॅचला सगळ्यात जास्त त्रास कशाचा असेल तर आम्हा पालकांना बघायला वेळ आहे याचा.

बघायला वेळ आहे म्हणजे तुलना आली, आणि तुलना आली की खरेदी आली. बिगिनर बॅचमधल्या एकाच्या पायात इनलाइन आले, म्हणजे एका ओळीत चाकं असलेले, ते पण रेसचे, पाच आकडी किमतीचे, की दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर "कुठून घेतले, लिंक पाठवा". आता रेसच्या इनलाइनचं काय असतं बघा. बूट घोट्याच्या खाली संपतो, म्हणजे घोट्याला आधार नाही, तो पोराच्या स्वतःच्या पायात असला पाहिजे. चाक १०० नाहीतर ११० मिलीमीटरचं, म्हणजे पोरगं जमिनीपासून आणखी वर उचललं गेलं. आणि ब्रेक नसतो. नसतोच. ज्याला थांबायला येतं त्याच्यासाठी ती वस्तू बनवलेली आहे. त्यात आपली सवय, वाढत्या अंगाचं घ्यायचं, दोन साइज मोठे, पुढच्या वर्षी पण चालतील. मग बुटात पाय आतल्या आत फिरतो, घोटे आत पडतात आणि सर ओरडतात "गुडघा, गुडघा". गुडघा काय करणार, बूटच पायात नाही!

खरं तर ते जुनं क्वाडच फार डोकं लावून बनवलेलं आहे. स्केटचा जुना किस्सा सांगतात तो लंडनचा, १७६० च्या दशकातला, जॉन जोसेफ मर्लिन नावाचा एक कारागीर चाकाचे बूट घालून व्हायोलिन वाजवत पार्टीत शिरला आणि वळता पण येईना, थांबता पण येईना म्हणून थेट मोठ्या आरशात घुसला. खरं खोटं असो, आमच्या हॉलमध्ये चालवणाऱ्या पोराचा आणि त्याचा प्रॉब्लेम सेम. वळायचा प्रश्न सोडवला न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टननं, १८६३ ला. चाकांच्या जोडीवर रबर बसवलं, माणूस ज्या बाजूला झुकेल तिकडं ते दबतं आणि चाकं तिकडं वळतात. आज कपाटातल्या त्या मार्करनं लिहिलेल्या क्वाडमध्ये तीच गोष्ट आहे. पोरगं नुसतं झुकायला शिकलं की स्केट वळतो, आणि झुकायला शिकण्यासाठीच तर हे महिने आहेत. इनलाइन पुढं १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या ओल्सन भावांनी बाजारात चालवले, आइस हॉकीच्या खेळाडूंना बर्फ नसताना सराव करता यावा म्हणून. म्हणजे ज्यांना आधीच येत होतं त्यांच्यासाठी.

क्वाडवरून आठवलं, आमच्या बॅचमध्ये एक पालक आहेत उद्यमनगरात वर्कशॉप असलेले. एका पोराचं चाक घरघर करत होतं, पालक म्हणत होते स्केटच बदलून टाकू. यांनी पोराला कट्ट्यावर बसवलं, गाडीच्या डिकीतून १३ चा पाना काढला, नट खोलला, चाक हातात घेऊन कानाशी फिरवलं आणि म्हणाले, "सहाशे आठ गेलंय." प्रत्येक चाकात दोन बेअरिंग, जोडीला १६, आणि सगळी त्याच ६०८ नंबरची, आत ८ मिलीमीटर, बाहेर २२, जाडी ७. त्या मापाचं बेअरिंग उद्यमनगरातल्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात नुसता नंबर सांगितला की मिळतं, दुकानदार स्केट कशाशी खातात हे विचारत पण नाही. एका बेअरिंगमध्ये माती आणि केस गुंडाळलेले निघाले, केस कुणाचे देवाला माहीत. तेवढं बदललं, बाकीची पुसली, थेंबभर तेल, आणि जाता जाता डाव्या पायाची चाकं उजव्याला टाकली कारण आतली कड एका बाजूनं झिजलेली. ती झीज बघून सर म्हणाले "हा पाय आत टाकतोय, म्हणून गोलात येत नव्हता." चाकावरून चाल ओळखली राव. नव्या स्केटच्या लिंकवर हे कुठं लिहिलेलं असतं?

घाईचा दुसरा प्रकार म्हणजे मेडल. लोकल टूर्नामेंटला छोट्या पोरांचे वेगळे गट असतात, ते मला मान्य आहे, पोरांना मजा येते, नंबर लावून पळायचं, आई ओरडणार. पण ते विक्रमवाले कार्यक्रम. अमुक तास सलग, तमुक पोरं एकामागं एक, नाहीतर डोळ्याला पट्टी बांधून. एन्ट्री फी भरा, टी-शर्ट घ्या, पासपोर्ट साइज फोटो द्या, सगळ्यांना मेडल, सगळ्यांना सर्टिफिकेट. ओळखीतलं एक पोरगं दुसऱ्या एका ठिकाणी शिकायचं, तिथं असल्या कार्यक्रमासाठी कितीतरी दिवस बाकी सगळं बंद करून एका स्पीडनं रांगेत गोल फिरवलं. सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. पोराला उजवीकडं वळायला येत नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "पण विक्रमात नाव आलं ना." यावर मी काय बोलणार? सात वर्षांच्या पोराच्या नावावर विक्रम आहे आणि रिंकबाहेर पडायला त्याला हात धरायला कुणीतरी लागतं.

मग तो प्रश्न येतोच, कुणीतरी विचारतंच, "सर हे ऑलिंपिकला आहे का?" स्केटबोर्ड टोकियोपासून आहे, चाकाच्या स्केटची रेस नाही. एवढं ऐकून एक-दोन जण पुढच्या महिन्यात बॅडमिंटनला जातात, दर वेळी. एशियन गेम्सला मात्र ती झालेली आहे. हांगझोऊला २०२३ मध्ये भारताच्या मुलींनी आणि मुलांनी दोघांनीही ३००० मीटर रिलेत ब्राँझ घेतलं, मुलांच्या चौघांत सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे, आडनावं ऐकून कट्ट्यावरचे सगळे सरसावून बसले. चौघांतला तिसरा तमिळनाडूचा आनंदकुमार वेलकुमार, तो २०२५ ला चीनमध्ये १००० मीटरचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, आणि त्याच स्पर्धेत ४२ किलोमीटरची मॅरेथॉन पण जिंकली. सरांनी त्याचा व्हिडिओ मोबाइलवर पोरांना दाखवला. पोरांनी पहिलं काय विचारलं तर "सर, हा वाकलाय किती!" वेग नाही दिसला त्यांना, वाकणं दिसलं. बिगिनर बॅच असावी तर अशी.

यंदा जूनच्या मध्यावर पाऊस लागला आणि रिंक बंद. ओल्या कोब्यावर चाक धरत नाही आणि बेअरिंगला गंज चढतो, त्यामुळं यावर वाद नाही. बॅच एका हॉलमध्ये हलली, तिथं स्केट नाहीतच, नुसती ऑफ स्केट एक्सरसाइज, दोरीच्या उड्या, आडव्या उड्या, आणि आबांच्या बैठका. आबा आता तिथं आत जाऊन बसतात, त्यांना बंदी नाही, सरांनीच खुर्ची दिली. पालकांचा ग्रुप स्केटिंगवरून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीवर गेला, इशारा ३९ फुटांना, धोका ४३ ला, रोज सकाळी कुणीतरी आकडा टाकतं आणि खाली कुणीतरी विचारतं "मग आज क्लास आहे का?" काही जणांनी पैसे परत मागितले, स्केट घालायचेच नसतील तर फी कशाची म्हणून. सरांनी एकाला दिले पण.

आम्ही लेकीला काही काढलं नाही. पाऊस उघडला की क्रॉसओव्हर घेणार असं सर म्हणालेत, त्यात पाय एकमेकांवरून जातात, पॅड घसरलेलं असून चालणार नाही, आधी ते नीट करून आणा. नवीन आणायला स्पोर्ट्सच्या दुकानात गेले तर तो अख्खा सेटच घ्या म्हणतो. शेवटी आबा म्हणाले चप्पल लाइनीत दे, चामड्याला टाका घालणाऱ्याला पट्टीला टाका घालता येत नाही होय. शनिवारी देऊन आले. दोन पट्ट्यांचे चाळीस रुपये म्हणाला, आणि एवढ्या लहान गुडघ्याला काय झालंय म्हणून विचारलं त्यानं.